ओपनबॉक्सचा मेन्यू आपल्या कामाप्रमाणे आणि मराठीत कसा बांधावा

पुण्यात कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप आणि डेस्कटॉप संगणक सहज विकत मिळतात, आणि सदाशिव पेठ, नवी पेठ या भागांतल्या अभ्यासिकांपासून उपनगरांतल्या छोट्या कार्यालयांपर्यंत अनेक ठिकाणी ते पुढेही वर्षानुवर्षे वापरले जातात. दोन किंवा चार जीबी मेमरीच्या अशा यंत्रावर लिनक्स बसवायचे ठरले, की ग्नोम किंवा केडीई प्लाझ्मा हे मोठे डेस्कटॉप जड पडतात आणि ओपनबॉक्ससारख्या हलक्या विंडो मॅनेजरचा, म्हणजे फक्त खिडक्या सांभाळणाऱ्या कार्यक्रमाचा, पर्याय समोर येतो. नुसता ओपनबॉक्स चालू केला, तर मात्र पडद्यावर काहीच दिसत नाही. पॅनेल नसते, आयकॉन नसतात, खालच्या कोपऱ्यात बटणही नसते. रिकाम्या जागेवर माउसची उजवी कळ दाबल्यावर एक मेन्यू उघडतो आणि सगळे काम तिथूनच सुरू करायचे असते.

हा मेन्यू एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि ती फाइल आपण स्वतः बदलू शकतो. बहुतेक नवखे वापरकर्ते मात्र यंत्रावरचे सगळे कार्यक्रम आपोआप गोळा करून दाखवणारे साधन बसवतात आणि तिथेच थांबतात. माझ्या मते ही संधी वाया घालवणे आहे. रोज लागणाऱ्या आठ-दहा गोष्टी हाताने, आपल्या भाषेत आणि आपल्या क्रमाने लिहाव्यात, आणि आपोआप तयार होणारी लांबलचक यादी तळाशी एका उपमेन्यूत ठेवावी. असा मेन्यू करायला एक संध्याकाळ पुरते आणि पुढे तो वर्षानुवर्षे उपयोगी पडतो. या लेखात हीच पद्धत पायरीपायरीने मांडली आहे.

लेखातील सर्व उदाहरणे डेबियन आणि त्यावर आधारलेल्या लिनक्सच्या वितरणांवरची (तयार संचांवरची) आहेत. फाइलींची, खुणांची आणि आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीत लिहायची असतात, आणि लिनक्समध्ये लहान-मोठ्या अक्षरांत फरक केला जात असल्यामुळे मूळ फाइलमध्ये जे अक्षर जसे असेल तसेच ठेवायचे असते. म्हणूनच या लेखात नवी ओळ कोऱ्या पाटीवर लिहायला न सांगता, फाइलमध्ये आधीपासून असलेली ओळ कॉपी करून तिच्यात बदल करायला सांगितले आहे. शुद्धलेखनाच्या चुका टाळण्याचा तोच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

ओपनबॉक्सची थोडी ओळख

ओपनबॉक्स २००२ मध्ये ब्लॅकबॉक्स या विंडो मॅनेजरवरून सुरू झाला, आणि तिसऱ्या आवृत्तीपासून तो संपूर्णपणे नव्याने लिहिला गेला. ३.६.१ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि आजही बहुतेक वितरणांत तीच मिळते. नव्या आवृत्त्या येत नाहीत म्हणून नवख्याने बिचकण्याचे कारण नाही, कारण याचा अर्थ असाही होतो की आज शिकलेली फाइलची रचना उद्या बदलणार नाही. ओपनबॉक्स एक्स-इलेव्हन या जुन्या चित्रप्रणालीवर चालतो. नव्या वेलँड प्रणालीवर चालणाऱ्या लॅबडब्ल्यूसी या कार्यक्रमाने मेन्यूसाठी हीच रचना स्वीकारली आहे, आणि रास्पबेरी पाय ओएसने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो आपला नेहमीचा विंडो मॅनेजर म्हणून निवडला. त्यामुळे इथे शिकलेले बरेचसे तिकडेही कामी येते.

पहिली पायरी: स्वतःची प्रत तयार करणे

संपूर्ण यंत्रासाठीची मूळ फाइल ईटीसी या फोल्डरातल्या एक्सडीजी आणि त्यातल्या ओपनबॉक्स या फोल्डरात असते आणि तिचे नाव ‘मेन्यू डॉट एक्सएमएल’ असे असते. तिला हात लावू नये, कारण पुढे काही बिघडले तर परत जाण्यासाठी तीच आपल्याला हवी असते. आपल्या होम फोल्डरात ‘डॉट कॉन्फिग’ नावाचे लपलेले फोल्डर असते. नाव टिंबाने सुरू होत असल्याने ते एरवी दिसत नाही, पण फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या की दिसू लागते. त्यात ओपनबॉक्स नावाचे फोल्डर नसेल तर तयार करावे आणि मूळ मेन्यू फाइल त्यात कॉपी करावी. त्याच मूळ ठिकाणी ‘आरसी डॉट एक्सएमएल’ ही दुसरी फाइलही असते. कळफलकाचे शॉर्टकट, माउसचे वागणे आणि फॉन्ट तिच्यात ठरतात, आणि पुढे तीही लागणार असल्याने आत्ताच तिचीही प्रत करून घ्यावी.

होम फोल्डरातील प्रत सापडली की ओपनबॉक्स तीच वाचतो आणि यंत्राच्या मूळ फाइलकडे जात नाही. काही कारणाने आपली प्रत काढून टाकली, तर पुढच्या वेळी मूळ मेन्यू परत येतो. ही खात्री असली म्हणजे मोकळेपणाने प्रयोग करता येतात.

एक सूचना एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी. तिथेही खिडक्या सांभाळण्याचे काम ओपनबॉक्सच करतो, पण डेस्कटॉपची पार्श्वभूमी पीसीमॅनएफएम हा फाइल मॅनेजर रंगवत असल्याने उजव्या कळेवर त्याचा मेन्यू उघडतो. डेस्कटॉपच्या पसंतींमध्ये प्रगत विभागात विंडो मॅनेजरचा मेन्यू दाखवण्याचा पर्याय आहे. त्यावर खूण केल्याशिवाय आपण केलेला कोणताही बदल दिसणार नाही.

दुसरी पायरी: फाइल वाचायला शिकणे

आपली प्रत माउसपॅडसारख्या साध्या संपादकात उघडावी. रायटरसारख्या दस्तऐवज लिहिण्याच्या कार्यक्रमात ती उघडू नये, कारण तो सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी चिन्हे घालतो आणि मग फाइल वाचली जात नाही.

फाइलमध्ये कोनी कंसांत लिहिलेल्या खुणा दिसतील. प्रत्येक खूण एकदा उघडते आणि एकदा बंद होते, आणि बंद होणाऱ्या खुणेत नावाआधी तिरकी रेघ असते. ज्यांच्या पोटात काहीच नसते अशा काही खुणा एकाच कंसात उघडून बंद होतात, आणि त्यांच्या शेवटी ती तिरकी रेघ येते. आपल्याला लागणाऱ्या खुणा अगदी मोजक्या आहेत. ‘मेन्यू’ ही खूण मेन्यू किंवा उपमेन्यू उघडते. तिला एक आयडी असतो आणि पडद्यावर दिसणारे एक लेबल असते. ‘आयटम’ म्हणजे मेन्यूतील एक ओळ, आणि तिलाही लेबल असते. आयटमच्या पोटात ‘अ‍ॅक्शन’ असते आणि ती ओळ निवडल्यावर काय घडावे ते तिच्या नावावरून ठरते. कार्यक्रम चालू करायचा असेल तर अ‍ॅक्शनचे नाव ‘एक्झिक्यूट’ असते आणि तिच्या पोटात प्रत्यक्ष आज्ञा असते. ‘सेपरेटर’ ही खूण दोन गटांमध्ये आडवी रेघ काढते, आणि तिला लेबल दिले तर ती रेघ न राहता गटाचे शीर्षक बनते.

सर्वांत बाहेरच्या मेन्यूचा आयडी ‘रूट-मेन्यू’ असा असतो. उजव्या कळेवर उघडतो तो हाच, त्यामुळे त्याचा आयडी बदलू नये. त्याच्या लेबलाचा मजकूर मात्र हवा तसा लिहावा. बाकीच्या प्रत्येक उपमेन्यूला स्वतःचा वेगळा आयडी हवा. दोन उपमेन्यूंना चुकून एकच आयडी दिला गेला, तर त्यांच्यापैकी एकच दिसतो आणि दुसरा कुठे गेला हे शोधण्यात वेळ जातो.

डेबियनच्या मूळ फाइलमध्ये टर्मिनल (आज्ञा टाइप करून चालवण्याची खिडकी) आणि ब्राउझर या दोन ओळी सुरुवातीलाच असतात. त्या ओळी शांतपणे दोनदा वाचाव्यात. आयटम उघडतो, त्यात अ‍ॅक्शन उघडते, तिच्यात आज्ञा येते आणि मग उलट क्रमाने सगळे बंद होते. ही एक रचना समजली की पुढचे सगळे तिच्याच आवृत्त्या आहेत.

तिसरी पायरी: पहिली ओळ घालणे

ब्राउझरची संपूर्ण आयटम, म्हणजे उघडणाऱ्या खुणेपासून बंद होणाऱ्या खुणेपर्यंतचा भाग, कॉपी करून तिच्याच खाली चिकटवावा. नव्या प्रतीत फक्त दोन गोष्टी बदलाव्यात. लेबलाच्या अवतरणचिन्हांत ‘पत्र लिहा’ असे देवनागरीत लिहावे, आणि आज्ञेच्या जागी लिब्रेऑफिस रायटरची आज्ञा लिहावी. ही आज्ञा म्हणजे ‘लिब्रेऑफिस’ हा शब्द, मग एक जागा, मग दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून ‘रायटर’, सगळे लहान रोमन अक्षरांत.

फाइल जतन केल्यावर ओपनबॉक्सला ती पुन्हा वाचायला सांगावे लागते. त्यासाठी मूळ मेन्यूतच ‘रीकॉन्फिगर’ ही ओळ असते. टर्मिनलमधून करायचे असेल तर ‘ओपनबॉक्स’ ही आज्ञा द्यावी आणि तिच्यापुढे दोन आडव्या रेघांना जोडून ‘रीकॉन्फिगर’ लिहावे. लॉग आउट करण्याची किंवा यंत्र बंद-चालू करण्याची गरज नसते आणि उघडलेल्या खिडक्या जागच्या जागी राहतात. आता उजवी कळ दाबली की ‘पत्र लिहा’ दिसले पाहिजे. एका वेळी एकच बदल करावा, फाइल पुन्हा वाचायला लावावी, मेन्यू उघडून पाहावा आणि मगच पुढे जावे. दहा ओळी एकदम लिहून शेवटी तपासणारा माणूस चूक शोधण्यात जास्त वेळ घालवतो.

चौथी पायरी: बरोबर आज्ञा शोधणे

नवखे लोक सर्वांत जास्त इथेच अडतात. पडद्यावर दिसणारे कार्यक्रमाचे नाव आणि त्याची आज्ञा अनेकदा वेगळी असते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत फायरफॉक्सची आज्ञा नुसती ‘फायरफॉक्स’ नसते, तर तिच्यापुढे आडवी रेघ आणि ‘ईएसआर’ ही तीन अक्षरे असतात.

खरी आज्ञा शोधण्याची खात्रीची जागा म्हणजे यूएसआर, त्यातले शेअर आणि त्यातले अ‍ॅप्लिकेशन्स हे फोल्डर. बसवलेल्या जवळजवळ प्रत्येक चित्रमय कार्यक्रमाची तिथे एक छोटी फाइल असते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट डेस्कटॉप’ असते. ती साध्या संपादकात उघडली की ‘एक्झेक’ या शब्दाने सुरू होणारी ओळ सापडते, आणि बरोबरीच्या चिन्हानंतर लिहिलेले असते ती त्या कार्यक्रमाची आज्ञा. तिच्या शेवटी टक्क्याचे चिन्ह आणि त्याला जोडून यू किंवा एफ असे एखादे अक्षर दिसले, तर ते आपल्या मेन्यूत घेऊ नये. निवडलेल्या फाइलचे नाव तिथे भरण्यासाठी ते अक्षर असते आणि ओपनबॉक्स ते भरत नाही. ते तसेच राहिले, तर कार्यक्रम त्या विचित्र नावाची फाइल शोधू लागतो.

त्याच फाइलमध्ये ‘टर्मिनल’ या शब्दापुढे ‘ट्रू’ असेल, तर तो कार्यक्रम टर्मिनलच्या आत चालणारा आहे. यंत्रावर कोणत्या प्रक्रिया चालू आहेत ते दाखवणारा एचटॉप हा अशांपैकीच एक आहे. त्याचे नुसते नाव मेन्यूत लिहिले तर ओळ निवडल्यावर काहीच घडताना दिसत नाही. म्हणून आधी टर्मिनलची आज्ञा, मग एका आडव्या रेघेसह ई हे अक्षर आणि त्यानंतर कार्यक्रमाचे नाव असा क्रम ठेवावा.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ओपनबॉक्स आज्ञा थेट चालवतो, शेलमार्फत, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञांचा अर्थ लावणाऱ्या कार्यक्रमामार्फत, नाही. त्यामुळे दोन आज्ञा जोडणारी उभी रेघ, निकाल फाइलमध्ये वळवणारे चिन्ह किंवा डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी चलनामे (व्हेरिएबल) मेन्यूत लिहिली तर चालत नाहीत, जरी टर्मिनलमध्ये तीच ओळ व्यवस्थित चालत असली तरी. अशा वेळी आज्ञेच्या आधी ‘एसएच’, मग एका आडव्या रेघेसह सी, आणि मग मूळ आज्ञा एकेरी अवतरणांत लिहावी. दोनपेक्षा जास्त आज्ञा असतील तर त्यांची छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, करून तिचे नाव मेन्यूत द्यावे.

एक्सएमएलमध्ये, म्हणजे या फाइली ज्या खुणांच्या पद्धतीत लिहिलेल्या असतात तिच्यात, ‘अँड’चे चिन्ह आणि ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह राखीव असतात. वेबसाइटच्या लांब पत्त्यांत अँडचे चिन्ह हमखास येते. तिथे ते चिन्ह, त्याला जोडून ए, एम, पी ही तीन अक्षरे आणि शेवटी अर्धविराम असे लिहावे लागते.

पाचवी पायरी: मराठी नावे, फॉन्ट आणि कळफलक

लेबले मराठीत लिहिण्यासाठी कोणतीही वेगळी सोय करावी लागत नाही. फाइलच्या पहिल्याच ओळीत यूटीएफ-आठ ही संकेतप्रणाली घोषित केलेली असते, आणि अक्षरे जुळवण्यासाठी ओपनबॉक्स पँगो हे लिपीयंत्र वापरतो, त्यामुळे जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या बरोबर दिसतात. आपल्याला पाहायचे असते ते यंत्रावर चांगला देवनागरी फॉन्ट आहे की नाही, आणि त्याचा आकार पुरेसा आहे की नाही, एवढेच.

फॉन्टसाठी दोन नावे विश्वासाने सुचवता येतील: रेड हॅटने खुला केलेला लोहित देवनागरी आणि गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी. दोन्ही डेबियनच्या भांडारात आहेत. ओपनबॉक्समध्ये मेन्यूच्या अक्षरांचा आकार आठ-नऊ असा लहान ठेवलेला असतो. रोमन अक्षरांना तो कसाबसा पुरतो, पण देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जात असल्याने तेवढ्या आकारात ‘र्क’ आणि ‘के’ यांतला फरकही डोळे ताणून पाहावा लागतो. ओबीकॉन्फ हे छोटे साधन बसवून त्यातून मेन्यूच्या शीर्षकाचा आणि ओळींचा आकार बारा करावा. वयस्कर माणसे ते यंत्र वापरणार असतील तर चौदा ठेवायलाही संकोच करू नये.

नावे काय द्यावीत याचाही थोडा विचार करावा. अनेक डेस्कटॉप फाइलींमध्ये ‘नेम’ या शब्दापुढे चौकोनी कंसात एम आणि आर ही अक्षरे असलेली ओळ असते, आणि तिच्यात अनुवादकांनी दिलेले मराठी नाव तयार मिळते. ते सोपे वाटले तर घ्यावे. मला स्वतःला मात्र मेन्यूत कार्यक्रमाच्या नावापेक्षा कामाचे नाव लिहिणे जास्त उपयोगी वाटते. ‘अ‍ॅट्रिल’ या नावावरून नव्या माणसाला काहीच कळत नाही, ‘पीडीएफ वाचा’ हे त्याला लगेच कळते.

मेन्यू उघडल्यावर एखादे अक्षर दाबून थेट त्या ओळीवर जाता येते, आणि कोणते अक्षर ते ठरवण्यासाठी लेबलात त्या अक्षराआधी अधोरेषा लिहायची असते. देवनागरी लेबलांत ही सोय हवी असेल तर नावाच्या सुरुवातीला इंग्रजी अंक घालावा आणि त्या अंकाच्या आधी अधोरेषा द्यावी. पहिल्या ओळीला एक, दुसरीला दोन, असे अंक दिले की हाताला लवकर सवय होते.

आता कळफलकाविषयी. मराठी टाइप करण्यासाठी मेन्यूतच दोन ओळी ठेवाव्यात. ‘मराठी कळफलक’ या ओळीची आज्ञा म्हणजे ‘सेटएक्सकेबीमॅप’, एक जागा, आणि आय व एन ही दोन अक्षरे. ‘इंग्रजी कळफलक’ या ओळीत त्या दोन अक्षरांच्या जागी यू व एस येतात. पहिलीमुळे देवनागरीची इनस्क्रिप्ट पद्धतीची मांडणी चालू होते. या दोन ओळी मेन्यूत माउसच्या आवाक्यात ठेवण्यामागे ठोस कारण आहे. मराठी मांडणी चालू असताना टर्मिनलमध्ये रोमन आज्ञा टाइपच करता येत नाही, त्यामुळे परत फिरण्याचा मार्ग कळफलकावर अवलंबून नसलेला बरा.

सहावी पायरी: मेन्यूत काय ठेवायचे ते ठरवणे

समजा, नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक यंत्र ठेवायचे आहे. संपादक उघडण्याआधी कागदावर यादी करावी: विद्यार्थी तिथे बसून खरोखर काय करतात? जाहिराती आणि निकाल पाहतात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ वाचतात, टिपणे काढतात, टायपिंगचा सराव करतात, पेन ड्राइव्ह लावून फाइल नेतात आणि जाताना यंत्र बंद करतात. मेन्यूच्या वरच्या भागात एवढ्याच ओळी हव्यात.

पहिल्या गटात ‘आयोगाचे संकेतस्थळ’ ही ओळ ठेवता येते. तिची आज्ञा म्हणजे ब्राउझरची आज्ञा, एक जागा, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळाचा पत्ता. पत्ता थेट आज्ञेतच असल्याने विद्यार्थ्याला तो शोधावा लागत नाही आणि शोधयंत्राच्या निकालांत दिसणाऱ्या नकली पानांवर जाण्याचा धोकाही कमी होतो. त्याच गटात ‘पीडीएफ वाचा’ आणि ‘टिपणे लिहा’ या ओळी याव्यात. मग सेपरेटर आणि कळफलकाच्या दोन ओळी. मग पेन ड्राइव्हसाठी फाइल मॅनेजर, आणि शेवटी यंत्र बंद करण्याची ओळ.

ही शेवटची ओळ जपून लिहावी लागते. तिची आज्ञा ‘सिस्टिमसीटीएल’ आणि त्यापुढे ‘पॉवरऑफ’ अशी असते आणि ती विचारणा न करता यंत्र बंद करते. बोट घसरले तर कोणाचे तरी न जतन केलेले टिपण जाऊ शकते. यावर ओपनबॉक्समध्येच उपाय आहे. एक्झिक्यूट अ‍ॅक्शनच्या पोटात, आज्ञेच्या खुणेनंतर, ‘प्रॉम्प्ट’ नावाची खूण घालावी आणि तिच्यात ‘यंत्र बंद करायचे का? आपले काम जतन केले आहे ना?’ असा मजकूर लिहावा. मग ओळ निवडल्यावर आधी हा प्रश्न येतो, आणि होकार दिल्याशिवाय आज्ञा चालत नाही.

ओळी दहाच्या पुढे जाऊ लागल्या की उपमेन्यू करावा, पण उपमेन्यूच्या पोटात आणखी उपमेन्यू करणे शक्यतो टाळावे, कारण माउस तिरका नेताना तो बंद होतो आणि नवखा माणूस वैतागतो. उपमेन्यू दोन प्रकारे लिहिता येतो. जिथे हवा तिथेच त्याच्या सगळ्या ओळींसह लिहावा, किंवा रूट-मेन्यूच्या आधी स्वतंत्रपणे लिहून ठेवावा आणि आत फक्त त्याच्या आयडीचा उल्लेख करावा. दुसरा प्रकार मला अधिक पसंत आहे, कारण मग रूट-मेन्यूचा भाग छोटा राहतो आणि एका नजरेत वाचता येतो.

‘क्लायंट-लिस्ट-मेन्यू’ हा ओपनबॉक्स स्वतः तयार करत असलेला मेन्यू उघडलेल्या खिडक्यांची यादी दाखवतो. पॅनेल नसलेल्या यंत्रावर मागे दडलेली खिडकी शोधण्यासाठी तो लागतो, म्हणून मूळ फाइलमधली त्याची ओळ पुसू नये.

ओळींना चित्रेही लावता येतात. त्यासाठी आयटमच्या खुणेत ‘आयकॉन’ या नावाने चित्राच्या फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा.

सातवी पायरी: आपोआप तयार होणारे मेन्यू

मेन्यूच्या खुणेत आयडी आणि लेबलाबरोबर ‘एक्झिक्यूट’ लिहून एखाद्या आज्ञेचे नाव दिले, तर तो उपमेन्यू उघडताना ओपनबॉक्स ती आज्ञा चालवतो आणि तिने छापलेला मजकूर मेन्यू म्हणून दाखवतो. याला पाइप मेन्यू म्हणतात. अलीकडच्या डेबियनमधल्या मूळ फाइलमध्ये ओबामेन्यू या साधनाला बोलावणारी अशीच एक ओळ असते, आणि ते पॅकेज बसवले की यंत्रावरच्या कार्यक्रमांची वर्गवार यादी तिथे दिसते. तिचे लेबल ‘इतर सर्व कार्यक्रम’ असे करून ती तळाशी न्यावी. एखादा कार्यक्रम या यादीत नको असेल, तर त्याची डेस्कटॉप फाइल होम फोल्डरातल्या डॉट लोकल, शेअर, अ‍ॅप्लिकेशन्स या मार्गावर कॉपी करून तिच्यात ‘नोडिस्प्ले’ बरोबर ‘ट्रू’ अशी ओळ घालण्याची पद्धत प्रमाण मानली जाते.

स्वतःचा पाइप मेन्यू लिहिणेही अवघड नाही. अभ्यासिकेच्या उदाहरणात प्रश्नपत्रिकांच्या फोल्डरातील प्रत्येक पीडीएफसाठी एक ओळ तयार करणारी शेल स्क्रिप्ट लिहिता येते. तिने सुरुवातीला ‘ओपनबॉक्स पाइप मेन्यू’ ही खूण छापायची, तीन शब्दांच्या मध्ये अधोरेषा देऊन. मग प्रत्येक फाइलमागे एक आयटम छापायची, आणि शेवटी ती खूण बंद करायची. नवी प्रश्नपत्रिका फोल्डरात टाकली की मेन्यूला हात न लावता ती यादीत येते. मात्र ती आज्ञा पूर्ण होईपर्यंत ओपनबॉक्स थांबून राहतो, त्यामुळे इंटरनेटवरून माहिती आणणारी किंवा हजारो फाइली चाळणारी स्क्रिप्ट इथे लावू नये.

आठवी पायरी: मेन्यू कसा उघडावा

यासाठी आरसी फाइल उघडावी लागते. ब्राउझर पूर्ण पडदाभर उघडा असताना रिकामी जागाच उरत नाही, आणि मग उजवी कळ कुठे दाबायची हा प्रश्न येतो. म्हणून कळफलकाच्या विभागात, आधीच्या एखाद्या ‘कीबाइंड’ची प्रत करून, तिच्या अ‍ॅक्शनचे नाव ‘शोमेन्यू’ करावे आणि आत मेन्यू म्हणून ‘रूट-मेन्यू’ लिहावे. मूळ फाइलमध्ये ऑल्ट आणि स्पेस या कळांवर खिडकीचा मेन्यू उघडणारी अशीच ओळ असते, तिचीच प्रत केली तर जवळजवळ काहीच लिहावे लागत नाही. कळेच्या जागी मोठे डब्ल्यू, आडवी रेघ आणि ‘स्पेस’ लिहिले, की विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेस एकत्र दाबल्यावर मेन्यू उघडतो.

त्याच फाइलच्या मेन्यू विभागात ‘हाइडडिले’ नावाची खूण आहे आणि तिची मूळ किंमत २०० मिलिसेकंद असते. माउसची कळ त्याहून जास्त वेळ दाबून सोडली तर मेन्यू लगेच मिटतो. ज्यांचा हात माउसवर अजून बसलेला नाही अशा माणसांना ‘मेन्यू येतो आणि जातो’ असे वाटते, ते बहुधा याच कारणाने. किंमत ५०० किंवा त्याहून अधिक केली की ही तक्रार बहुतेक वेळा थांबते.

काही बिघडले तर

एखादी खूण बंद करायची राहिली, किंवा अवतरणचिन्ह सुटले, की फाइल पुन्हा वाचताना ओपनबॉक्स चूक झाल्याचा संदेश दाखवतो. तो न वाचता बंद करू नये. कोणत्या फाइलमध्ये आणि कितव्या ओळीवर अडचण आली हे त्यात लिहिलेले असते. खरी चूक अनेकदा त्या ओळीच्या जरा वर असते, कारण न बंद झालेली खूण पुढच्या ओळींवर गेल्यावरच लक्षात येते. आधीच खात्री करायची असेल तर लिबएक्सएमएल-टू-युटिल्स या पॅकेजमधील ‘एक्सएमएललिंट’ ही आज्ञा, तिच्यापुढे दोन आडव्या रेघांना जोडून ‘नोआउट’, आणि मग फाइलचे नाव असे लिहून पाहावे. तिने काहीच छापले नाही तर रचना निर्दोष आहे. आज्ञेचे स्पेलिंग चुकले असेल तर ते मात्र ती सांगू शकत नाही, त्यासाठी तीच आज्ञा टर्मिनलमध्ये चालवून पाहावी.

फाइल बदलण्याचे काम चालू असेपर्यंत एक टर्मिनल उघडे ठेवावे आणि चालू स्थितीतल्या मेन्यूची एक प्रत वेगळ्या नावाने जवळ ठेवावी. मेन्यूच उघडेनासा झाला आणि टर्मिनलही बंद असेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री या कळा एकत्र दाबाव्यात. काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ येते, तिथे आपले नाव आणि पासवर्ड देऊन ती जपलेली प्रत मूळ नावाने परत कॉपी करावी. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-सेव्हन, किंवा काही यंत्रांवर एफ-वन किंवा एफ-टू, यांनी चित्रमय पडद्यावर परत यावे आणि लॉग आउट करून पुन्हा आत जावे.

एकाच प्रकारची अनेक यंत्रे मांडायची असतील, तर तयार झालेले ओपनबॉक्स फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन प्रत्येक यंत्रावर त्याच जागी ठेवावे. नवे वापरकर्ते तयार करण्याआधी तेच फोल्डर ईटीसीमधल्या ‘स्केल’ या फोल्डरात, डॉट कॉन्फिगच्या पोटात ठेवले, तर त्यानंतर तयार होणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्याला हा मेन्यू पहिल्या दिवसापासून मिळतो. आधीपासून असलेल्या वापरकर्त्यांच्या फोल्डरात मात्र तो हातानेच कॉपी करावा लागतो, आणि कॉपी केल्यावर त्या फाइलींची मालकी त्या वापरकर्त्याकडे आहे ना हे तपासावे लागते.